पिकअपचे अ‍ॅव्हरेज कसे वाढवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर तालुक्यातील टोमॅटो, नाशिककडची द्राक्षे, साताऱ्याकडचा भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचवणारी गाडी आज बहुतेक वेळा दीड टनाच्या आसपास माल वाहणारी डिझेल पिकअप असते. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा गाड्यांचे मालक आणि चालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे प्रामुख्याने शेतमाल घेऊन घाट उतरणाऱ्या आणि घाट चढून परतणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

अ‍ॅव्हरेज नेमके मोजावे कसे? मीटरवरचा आकडा खरा मानावा का?

मीटरवरचा आकडा अंदाजापुरता ठीक असतो, पण हिशेब त्यावर मांडू नये. खात्रीची पद्धत जुनीच आहे. टाकी फुल करावी, किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल करून जितके लिटर बसले तितक्यांनी चाललेल्या किलोमीटरना भागावे. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तेथेच थांबावे आणि दोन्ही वेळा शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून भरावे, कारण गाडी थोडी कललेली असली तरी टाकीत एक-दोन लिटरचा फरक पडतो.

एका भरणीवरून निष्कर्ष काढू नये. सलग चार-पाच भरण्यांची बेरीज घेतली की फेसाचा, उताराचा आणि रस्त्यातील कोंडीचा परिणाम बराचसा विरून जातो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. देशावरून कोकणात किंवा मुंबईला जाताना गाडी भरलेली असते, पण एकूण रस्ता उताराचा असतो; येताना गाडी रिकामी असते, पण घाट चढायचा असतो. म्हणून फक्त जातानाचे किंवा फक्त येतानाचे अ‍ॅव्हरेज फसवे असते. जाऊन-येऊन झालेला पूर्ण फेरा हेच मोजमाप धरावे.

अ‍ॅव्हरेज एका किलोमीटरने वाढले तर खरोखर किती फरक पडतो?

ते आपण कोठून सुरुवात करता यावर अवलंबून आहे, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर चालते असे समजा आणि हिशेबापुरता डिझेलचा दर ९० रुपये धरा. अ‍ॅव्हरेज १२ वरून १३ झाले तर महिन्याला सुमारे १९ लिटर, म्हणजे १,७०० रुपयांच्या आसपास वाचतात. तेच ९ वरून १० झाले तर ३३ लिटर, म्हणजे जवळजवळ ३,००० रुपये वाचतात. अ‍ॅव्हरेज जितके वाईट, तितकी एका किलोमीटरची सुधारणा मोलाची असते. म्हणून ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांनी चांगल्या गाडीतून आणखी काही काढण्याऐवजी आधी वाईट अ‍ॅव्हरेजच्या गाडीकडे पाहावे.

कोणत्या वेगाला सर्वांत कमी डिझेल लागते?

पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ पासून इंधनबचतीचे काम करते आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा स्थिर वेग काटकसरीचा असल्याचे सांगते. त्यामागचे कारण सोपे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेल्यावर वेग फक्त एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. पिकअपचे तोंड सपाट आणि केबिनच्या मागे उंच लादलेला माल, त्यामुळे हा विरोध मोटारीपेक्षा तिला कितीतरी अधिक जाणवतो.

समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा संपूर्ण पट्टा ५ जून २०२५ पासून खुला झाला, तेव्हापासून ‘रस्ता इतका चांगला असून अ‍ॅव्हरेज का घसरले’ हा प्रश्न वारंवार येतो. रस्ता चांगला झाला म्हणून वेग वाढला आणि वेग वाढला म्हणून अ‍ॅव्हरेज घसरले, एवढेच त्याचे उत्तर आहे. मालवाहू गाड्यांसाठी द्रुतगती मार्गावरील कमाल मर्यादाही ताशी ८० किलोमीटरच आहे. ८० ऐवजी ६० ने गेल्यास प्रत्येक १०० किलोमीटरमागे २५ मिनिटे जास्त लागतात. पहाटेच्या लिलावाला पोहोचायचे असेल तर ही २५ मिनिटे वेगातून वसूल करण्याऐवजी अर्धा तास आधी निघणे स्वस्त पडते, आणि माझ्या मते सुरक्षितही.

गिअर कधी बदलावा?

दीड ते अडीच लिटरच्या या डिझेल इंजिनांची ओढ साधारणपणे दीड हजार ते दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पट्ट्यात उत्तम असते. त्यामुळे सपाट रस्त्यावर दोन हजारांच्या आसपास वरचा गिअर टाकावा. इंजिन तीन हजारांपर्यंत रेस करत नेल्याने गाडी फारशी लवकर पोहोचत नाही, डिझेल मात्र जाते. उलट चूकही तितकीच वाईट आहे. भरलेली गाडी चढावर पाचव्या गिअरमध्ये गदगदत असेल आणि चालक पाय दाबूनच ठेवत असेल, तर इंजिनावर ताण येतो, धूर होतो आणि डिझेल नीट जळत नाही. गाडी गदगदण्याच्या आधीच खालचा गिअर टाकावा.

हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय अनेकांना कोंडीत आणि चढावर लागते. त्यात डिझेलही जाते आणि क्लचप्लेटही जळते. चढावर थांबायचे असेल तर हँडब्रेक लावावा.

घाट उतरताना न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते का?

नाही. हे येथे अगदी स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते, कारण या समजुतीने माणसे मरतात.

आजच्या कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने डिझेल सोडणाऱ्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि संगणक इंजेक्टरला डिझेल सोडणे बंद करतो. गाडी न्यूट्रल केली तर इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे उतारावर गिअरमध्ये उतरणारी गाडी न्यूट्रलमधल्या गाडीपेक्षा कमी डिझेल खाते. जुन्या यांत्रिक पंपाच्या काळात पडलेली सवय आजच्या गाडीत तोट्याची ठरते.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, बोरघाटासारख्या लांब उतारावर लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही अचूक आहे.

घाट चढायला किती डिझेल लागते?

याचा अंदाज काढता येतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. एकूण तीन टन वजनाची भरलेली गाडी तेवढी उंच न्यायची तर, इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास धरून, केवळ उंची गाठण्यासाठी दीड लिटर डिझेल लागते. रस्त्याचे अंतर कापण्याचा खर्च वेगळाच. रिकामी गाडी पावणेदोन टनांच्या आत असेल, तर हाच आकडा एक लिटरच्या आत येतो. म्हणून मालाशिवाय गाडीत जे वजन विनाकारण फिरते, म्हणजे जादा जॅक, लोखंडी साखळ्या, गेल्या फेरीतील ओल्या गोण्या, रिकामे पण परत द्यायचे राहून गेलेले क्रेट, ते घाटाच्या रस्त्यावर प्रत्येक फेरीत आपले भाडे वसूल करते. पंचवीस-तीस किलोने फार फरक पडणार नाही, पण दीडशे किलो साठलेले असते तेव्हा पडतो.

टायरमधील हवेचा अ‍ॅव्हरेजशी किती संबंध आहे?

फार जवळचा, आणि सर्वांत स्वस्त सुधारणा हीच आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, दबण्या-उघडण्यात तापतो आणि ती उष्णता शेवटी आपल्या डिझेलमधूनच आलेली असते. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या टायरची हवा वेगवेगळी असते आणि भरलेल्या गाडीसाठी मागची हवा बरीच जास्त लागते. नेमका आकडा दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो; शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये, कारण टायरचा आकार आणि प्लाय वेगळे असू शकतात.

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी तपासावी. शंभर किलोमीटर चालून तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते आणि ती कमी करून घेतली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो. मोजमाप शंभर वेळा ऐकीव माहितीवर सोडण्यापेक्षा दोन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज गाडीत ठेवावा. नायट्रोजन भरल्याने अ‍ॅव्हरेज वाढते का, असेही विचारले जाते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो; दाब बरोबर असेल तर अ‍ॅव्हरेजमध्ये कळेल असा फरक पडत नाही.

टायर बदलताना नायलॉनऐवजी रेडियल घेतले तर रस्त्यावरील लोळण-रोध कमी होतो. पुढचे टायर एका कडेने करवतीसारखे झिजत असतील, तर अलाइनमेंट गेलेले आहे असे समजावे. अशी चाके सरळ लोळण्याऐवजी किंचित घासत पुढे जातात. मोठ्या आकाराचे टायर बसवले असतील तर किलोमीटरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदला जातो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज खरे आहे त्यापेक्षा वाईट दिसते, हेही तपासून पाहावे.

हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवला तर हवा निघून जाते आणि डिझेल वाचते, हे खरे आहे का?

नाही. रिकाम्या गाडीचा फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन टिकून राहतो आणि वरून येणारी हवा त्याच्यावरून सरकत निघून जाते. फाळका उघडला की हा भोवरा मोडतो. फायदा होत नाही, कधी कधी थोडा तोटाच होतो, शिवाय उघडा फाळका मागच्या दुचाकीस्वारासाठी धोकादायक असतो.

हवेच्या बाबतीत खरे नुकसान दुसरीकडे होते. हौद्यावर उभारलेला उंच लोखंडी पिंजरा, केबिनच्या टपावरील कॅरियर आणि त्यावर बांधलेली स्टेपनी, दोरखंड, ताडपत्रीची गुंडाळी हे सगळे रिकाम्या फेरीतही वारा अडवत राहते. काढता येण्यासारखे असेल ते परतताना हौद्यात ठेवावे. माल झाकलेली ताडपत्री सैल राहून फडफडत असेल तर तीही गाडीला मागे खेचते. दोन दोर जास्त लावून ती घट्ट ताणावी, आणि क्रेट रचताना पुढची थप्पी शक्यतो केबिनच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नये.

एकाच फेरीत जास्त माल भरला तर प्रतिकिलो डिझेल कमीच लागते ना?

कागदावर तसे दिसते, परंतु मंजूर वजनापर्यंतच ते खरे असते. त्यापुढे टायर दबतात, पाटे बसतात, घाटात खालच्या गिअरमध्ये रांगावे लागते, ब्रेक आणि क्लच लवकर जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. महिनाभर वाचवलेले डिझेल एका वजनकाट्यावर जाते. टोमॅटोचा क्रेट साधारण २० किलोचा धरला तरी रिकाम्या क्रेटचे वजन त्यात मिळवायला विसरू नये. पाऊणशे क्रेटच्या गाडीत तेही शंभर किलोच्या पुढे जाते.

मग डिझेलचा खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग कोणता?

रिकामा फेरा टाळणे. गॅरेजमध्ये, टायरमध्ये आणि चालवण्याच्या पद्धतीत जे मिळते ते सर्व एकत्र केले तरी परतीच्या एका चांगल्या भाड्याची बरोबरी सहसा होत नाही. याकडे दुर्लक्ष होते, कारण आपण सगळे ‘लिटरला किती किलोमीटर’ एवढेच विचारतो आणि ‘क्विंटलला किती लिटर’ हे विचारतच नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. जाऊन-येऊन ३४० किलोमीटरचा फेरा आहे, जाताना १५ क्विंटल माल आहे, येताना गाडी रिकामी आहे आणि अ‍ॅव्हरेज १२ पडते. एकूण डिझेल २८.३ लिटर लागले, म्हणजे क्विंटलमागे १.८९ लिटर. आता येताना तिच्यात ८ क्विंटल खत, पशुखाद्य किंवा किराणा भरला असे समजा. अ‍ॅव्हरेज साडेअकरावर उतरले आणि डिझेल २९.६ लिटर लागले. पण माल २३ क्विंटल वाहिला गेला, म्हणजे क्विंटलमागे १.२९ लिटर. अ‍ॅव्हरेज घटले आणि तरीही क्विंटलमागचा खर्च १७० रुपयांवरून ११६ रुपयांवर आला. केवळ अ‍ॅव्हरेज पाहणारा मालक या फेरीबद्दल चालकाला बोल लावील, आणि ते अन्यायाचे होईल.

परतीचे भाडे रोज मिळत नाही, हे मान्य आहे. भाजीपाल्याची गाडी सकाळी आठ-नऊला मोकळी होते आणि भाड्यासाठी दुपारपर्यंत थांबणे प्रत्येकाला परवडत नाही. परंतु एकाच गावातून चार गाड्या अर्ध्या-अर्ध्या भरून निघतात, त्याऐवजी शेतकऱ्यांनी आदल्या संध्याकाळी फोनवर माल ठरवून दोन गाड्या पूर्ण भरून पाठवल्या, तर परतीचे भाडे न मिळताही हाच फायदा पदरात पडतो. ठरावीक दुकानदाराशी आठवड्यातून दोन दिवसांचा करार करणे हाही एक मार्ग आहे.

रांगेत उभे असताना इंजिन बंद करावे का?

दोन-चार मिनिटांहून अधिक थांबायचे असेल तर निश्चित करावे. एवढ्या क्षमतेचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जाते. बाजार समितीच्या दारात रोज पाऊण तास रांग लागते आणि महिन्यात २५ फेऱ्या होतात असे धरले, तर १३ लिटरच्या आसपास डिझेल उभ्या जागी जळते. बॅटरी आणि स्टार्टर सुस्थितीत असतील तर पुन्हा पुन्हा चालू करण्याची भीती बाळगू नये. घाट चढून आल्यावर मात्र टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याला, थंड होण्यासाठी अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवूनच बंद करावे. सकाळी निघताना दहा मिनिटे इंजिन गरम करत बसण्याची आता गरज राहिलेली नाही. अर्ध्या मिनिटाने सावकाश निघावे, गाडी चालतानाच लवकर गरम होते.

एसीने किती फरक पडतो?

थोडा पडतो, आणि तो गावातल्या हळू वाहतुकीत अधिक जाणवतो. रात्रभर जागून गाडी चालवणाऱ्या माणसाला मे महिन्यात एसी बंद करायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

बीएस-६ गाडी जुन्या गाडीपेक्षा जास्त डिझेल खाते, असे वाटते. कारण काय?

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते. ती ठरावीक प्रमाणात भरली की गाडी जादा डिझेल वापरून सायलेन्सरच्या मार्गातील तापमान वाढवते आणि काजळी जाळून टाकते. लांब पल्ल्यावर हे काम आपोआप, न कळत होते. गावातल्या गावात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते सुरू होऊन अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते आणि प्रत्येक वेळी डिझेल वाया जाते. डॅशबोर्डवर या जाळीचा दिवा लागला असेल तर गाडी बंद न करता पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवून ती प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी.

या गाड्यांना कमी राखेचे ठरावीक इंजिन ऑइल लागते. जुन्या गाडीचे स्वस्त ऑइल टाकल्यास त्याची राख जाळीत साठत जाते, आणि राख काजळीप्रमाणे जळत नाही.

चिप, चुंबक, डिझेलमध्ये टाकायची औषधे यांचा उपयोग होतो का?

डिझेलच्या नळीला लावायच्या चुंबकाने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. तीस टक्के बचतीची हमी देणारी कोणतीही बाटली घेऊ नये. चिप बसवून इंजिनाची ताकद वाढवता येते, पण त्यामुळे वॉरंटी जाते, इंजिनावरील ताण वाढतो आणि मिळालेली ताकद चालक वापरतोच. धूर नियंत्रणाची यंत्रणा बंद करून घेणे तर बेकायदा आहे आणि पीयूसीच्या वेळी ते अंगाशी येते.

पहाटे थंडीत डिझेल भरले तर जास्त मिळते का?

डिझेल तापमानाने फुगते हे खरे, पण दहा अंशांच्या फरकाला एक टक्काही नाही, आणि पंपाच्या टाक्या जमिनीखाली असल्याने त्यातले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. शंका मापाची असेल तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

अ‍ॅव्हरेज अचानक दोन-तीन किलोमीटरने घसरले आहे. काय तपासावे?

आधी इंजिन उघडायला लावू नये. प्रथम वहीत पाहावे की रस्ता, माल, चालक किंवा पंप बदलला आहे का. मग चारही टायरची हवा पाहावी. त्यानंतर दहा-पंधरा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, सपाट जागी थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न टेकवता, नुसता जवळ नेऊन उष्णता पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतो आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे. हा दोष फार सामान्य आहे आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. टाकी, डिझेल फिल्टर आणि नळ्यांच्या सांध्यांवर ओल किंवा डिझेलचा वास आहे का, तेही पाहावे.

येथपर्यंत काही सापडले नाही आणि गाडी काळा धूर सोडत असेल, तर एअर फिल्टर, टर्बोच्या रबरी नळीतील चीर आणि इंजेक्टर या क्रमाने मेकॅनिककडून तपासून घ्यावे. नळीतील चीर भरलेल्या गाडीने चढ चढताना येणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजावरून ओळखता येते, म्हणून मेकॅनिकला शक्य असेल तर मालासह गाडी चालवून दाखवावी. रिकाम्या गाडीत तो आवाज बहुधा ऐकू येत नाही.